आकृतींचे व्याकरण आणि कारागिराची विद्या

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख लिहावयाचा म्हटले, की कुळांची मूळ गावे, गोत्रे, जुन्या ताम्रपटांतील उल्लेख आणि भगवान विश्वकर्म्याच्या मनु, मय, त्वष्टा, शिल्पी व दैवज्ञ ह्या पाच पुत्रांची परंपरा हेच विषय प्रथम मनात येतात. हे विषय आदरणीय आहेत, आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मात्र आम्ही वाचकांपुढे निराळा इतिहास ठेवू इच्छितो. लाकूड, दगड आणि धातू घडविणाऱ्याच्या हाती जे ज्ञान असते, त्यास विद्या म्हणावयाचे की केवळ हाताची सवय, असा एक जुना प्रश्न आहे. शिकल्यासवरल्या जगाने त्याचे उत्तर बहुधा आपल्या विरुद्धच दिले. सुताराला हात असतो, डोके वास्तुशास्त्रज्ञाला असते, असे मानण्याचा प्रघात पडला. आणि दुःखाची गोष्ट ही, की आपल्यांतीलही पुष्कळांनी तो मनोमन मान्य केला. गेल्या अर्धशतकात ह्या प्रश्नाला एका अनपेक्षित दिशेने नवे उत्तर मिळाले आहे. त्या उत्तराचे नाव ‘शेप ग्रामर’, म्हणजे आकृतींचे व्याकरण.

व्याकरण म्हणजे काय

व्याकरण म्हटले की आपल्यापुढे पाणिनी उभा राहतो. त्याच्या अष्टाध्यायीत सुमारे 4,000 सूत्रे आहेत. संस्कृतातील सर्व वाक्यांची यादी त्याने केली नाही. तशी यादी कोणासही करता येणार नाही. थोड्या सूत्रांतून अगणित शुद्ध रूपे कशी सिद्ध होतात, हे त्याने दाखविले. मोजके नियम आणि त्यांतून निघणारे अमर्याद रूपविश्व, हेच व्याकरणाचे मर्म होय. विसाव्या शतकात अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वाक्यरचनेचा विचार अशाच जनक नियमांच्या मार्गाने केला आणि त्या शास्त्राला नवे वळण दिले.

शब्दांस जर व्याकरण असते, तर आकृतींस का नसावे? जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स ह्या दोघा तरुण संशोधकांनी हा विचार पुढे नेला आणि 1971 साली युगोस्लाव्हियातील ल्युब्ल्याना येथे भरलेल्या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपला निबंध मांडला. प्रारंभी त्यांच्यापुढे चित्रे व शिल्पे होती. वास्तुरचनेचा विचार लौकरच त्यात आला.

ह्या व्याकरणाची रीत सोपी आहे. एक आरंभाची आकृती घ्यावयाची आणि काही नियम ठरवावयाचे. प्रत्येक नियम इतकेच सांगतो, की अमुक आकृती दिसली तर तिच्या जागी तमुक आकृती करावी. समजा, आरंभी एक चौरस आहे, आणि नियम असा, की चौरसाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत दुसरा चौरस काढावा. नियम एकदा लावला की आतला चौरस बाहेरच्याच्या निम्म्या क्षेत्राचा होतो. तिसऱ्यांदा लावला की सर्वांत आतला चौरस मूळच्या एक अष्टमांश राहतो. नियम एकच, परंतु रचना हवी तितकी खोल नेता येते. ह्याच रीतीने दोन कामे साधतात. नियम पुढे चालविले की नव्या रचना जन्मास येतात. आणि जुनी रचना समोर ठेवून तिच्यामागील नियम शोधले की तिचे विश्लेषण होते. निर्मिती आणि मीमांसा ही दोन्ही कामे एकाच साधनाने होतात, हेच ह्या शास्त्राचे वैशिष्ट्य आहे.

चिनी सुताराची जाळी

ह्या शास्त्राच्या आरंभीच्या उदाहरणांत एक सुताराच्या कामाचे आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. चीनमध्ये खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या बसवीत. डॅनियल शीट्स डाय नावाचे अमेरिकन अध्यापक सेचवान प्रांतातील चेंगडू येथे राहत असता त्यांनी अशा जाळ्यांचे असंख्य नमुने जमविले आणि 1937 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या नावातच ‘चिनी जाळीचे व्याकरण’ असे शब्द होते. त्यांतील एका जातीच्या जाळ्या पाण्यावर गोठलेल्या बर्फाला तडे जावेत तशा दिसतात. रेषा वाकड्यातिकड्या, कोठेही ठरावीक नक्षी नाही. पाहणारास वाटावे, की कारागिराने मनास येईल तशा पट्ट्या ठोकल्या आहेत.

स्टायनी यांनी 1977 साली दाखवून दिले, की ह्या वरवर स्वैर दिसणाऱ्या जाळीमागे अवघे चार नियम पुरतात. चौकट समोर आहे. कारागीर एक पट्टी घेतो आणि चौकटीचे दोन भाग करतो. मग त्या भागांचे पुन्हा भाग करतो. त्रिकोण आला तर त्याचा एक त्रिकोण व एक चौकोन करावा. चौकोन आला तर त्याचे दोन चौकोन करावेत, किंवा एक त्रिकोण व एक पंचकोन करावा. पंचकोन आला तर त्याचा एक चौकोन व एक पंचकोन करावा. प्रत्येक वेळी दोन्ही भाग क्षेत्राने जवळजवळ सारखे असावेत. बस, इतकेच.

वाचकांनी कागदपेन्सिल घेऊन हे अवश्य करून पाहावे. एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर पट्टी टाकली की दोन्ही भागांच्या मिळून बाजू मूळच्यापेक्षा 4 ने वाढतात. त्रिकोणाच्या 3 च्या 7 होतात, म्हणून 3 आणि 4. चौकोनाच्या 4 च्या 8 होतात, म्हणून 4 आणि 4, अथवा 3 आणि 5. पंचकोनाच्या 5 च्या 9 होतात, म्हणून 4 आणि 5. पंचकोनाच्या दोन लगतच्या बाजूंवर पट्टी टाकली तर 3 आणि 6 होतील व षट्कोन शिरेल. म्हणून ते वर्ज्य. चौकटीतील सर्व भाग चार वेळा दुभागले की 15 पट्ट्या लागतात आणि 16 घरे पडतात. ह्या नियमांनी काढलेल्या शंभर जाळ्या एकमेकींपासून भिन्न होतील, पण त्या सर्व एकाच घराण्यातील आहेत हे पाहताक्षणी ओळखू येईल.

त्या सुताराने हे नियम कागदावर लिहिले नसतील. त्याला विचारले असते तर कदाचित सांगताही आले नसते. तथापि नियम त्याच्या कामात होते. अशिक्षित हाताची लहर म्हणून जी गणली गेली असती, ती वस्तुतः शिस्तबद्ध विचाराची कृती होती, हे गणिताच्या भाषेत सिद्ध झाले.

दगडफोड्याच्या शागिर्दाची गोष्ट

पुढच्याच वर्षी, 1978 साली, स्टायनी आणि विल्यम मिचेल यांनी इटलीतील आंद्रेआ पाल्लादिओ याच्या हवेल्यांचे व्याकरण प्रसिद्ध केले. पाल्लादिओचे नाव आज युरोपच्या वास्तुकलेत अग्रगण्य मानले जाते. त्याचा आरंभ मात्र आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो 1508 साली पादुआ येथे एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या पोटी जन्मला, 1521 साली एका दगडकाम करणाऱ्याकडे शागिर्द राहिला, आणि 1524 साली व्हिचेन्झा येथे येऊन गवंडी व पाथरवटांच्या संघात दाखल झाला. पाल्लादिओ हे नावदेखील त्याच्या जन्माचे नव्हे. त्रिस्सिनो नावाच्या विद्वान आश्रयदात्याने ते त्याला दिले. 1570 साली त्याने वास्तुकलेवरील आपले चार खंड प्रसिद्ध केले आणि हाती असलेली विद्या लेखणीने जगास देऊन टाकली. खोल्यांचे उत्तम आकार सात, असे तो सांगतो: वर्तुळ, चौरस, चौरसाच्या कर्णाएवढी लांबी असलेला आयत, आणि 3 ला 4, 2 ला 3, 3 ला 5 व 1 ला 2 ह्या प्रमाणांचे आयत.

रूडॉल्फ विटकोवर यांनी 1949 सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले होते, की पाल्लादिओच्या अनेक हवेल्यांचे नकाशे एकाच भौमितिक आराखड्याची रूपांतरे आहेत. स्टायनी व मिचेल यांनी त्या निरीक्षणाचे नियमांत रूपांतर केले. प्रथम मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस सारखी अशी आयतांची जाळी आखावयाची. मग बाहेरची भिंत. मग लगतची घरे जोडून खोल्या व मधला दिवाणखाना. मग आतील भिंती थोड्या सरकविणे. पुढे प्रवेशमंडप, खांब, खिडक्या व दारे. अशा आठ पायऱ्यांनी मालकोंतेंता ह्या प्रसिद्ध हवेलीचा नकाशा त्यांनी नियमांतून जसाच्या तसा सिद्ध करून दाखविला. त्याच नियमांतून पाल्लादिओने कधी न बांधलेल्या, परंतु बांधल्या असत्या तर त्याच्याच वाटल्या असत्या अशा हवेल्यांचे नकाशेही निघाले.

ह्यानंतर ही पद्धत नाना देशांच्या वास्तूंस लावून पाहण्यात आली. 1980 साली स्टायनी व मिचेल यांनी मोगल बागांचे व्याकरण मांडले. चारबागेचे पाण्याच्या पाटांनी चार भाग, त्या भागांचे पुन्हा चार भाग, ही रीत नियमबद्ध करण्यास सोयीचीच होती. 1981 साली हँक कोनिंग आणि ज्यूली आयझेनबर्ग यांनी अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या माळरानी घरांचे व्याकरण लिहिले. त्या घरांत पहिली स्थापना शेकोटीच्या जागेची. तिच्याभोवती राहण्याच्या खोल्या, आणि मग त्यांस जोडून पुढील विस्तार. टेरी नाइट यांनी एका शैलीतून दुसरी शैली कशी उपजते त्याचा माग घेतला: एखादा नियम गळतो, एखादा नवा येतो, एखाद्यात फेरफार होतो, आणि शैली पालटते. अशा रीतीने कलेचा इतिहास हा नियमांच्या स्थित्यंतराचा इतिहास म्हणून वाचता येऊ लागला.

तीन हजार कलमांची साक्ष

आता पुन्हा चीनकडे वळू. कारण लाकूडकामाच्या व्याकरणाचा फार मोठा लेखी पुरावा तेथे आहे. सुंग राजवटीतील ली चिये ह्या अधिकाऱ्याने इमारतींच्या बांधकामाच्या रीतींवर सरकारी ग्रंथ सिद्ध केला. तो 1103 साली छापून प्रसृत झाला. त्यात लाकडाच्या आकाराच्या आठ प्रती ठरविल्या आहेत. प्रत कोणतीही असो, मूळ मापाच्या लाकडाचा छेद उंचीला 15 भाग आणि रुंदीला 10 भाग असावयाचा. इमारत जेवढी थोर तेवढी वरची प्रत घ्यावयाची, आणि बाकीची मापे त्याच भागांत मोजावयाची. म्हणजे एक प्रमाण हाती आले की लहान मंडपापासून राजवाड्यापर्यंत सर्व अंगे त्यातून मिळू लागतात. ह्या ग्रंथातील शैलीचे आकृती-व्याकरण अँड्र्यू ली यांनी 2001 साली आपल्या प्रबंधात मांडले.

आम्हांस ह्या ग्रंथातील एक नोंद सर्वांत मोलाची वाटते. ग्रंथकर्ता स्वतःच हिशेब देतो, की एकूण 3,555 कलमांपैकी 3,272 कलमे कारागिरांमध्ये परंपरेने चालत आलेल्या आणि दीर्घकाळ उपयोगी ठरलेल्या रीतींची आहेत. उरलेली तेवढी जुन्या पोथ्यांतून आली. राजाज्ञेने झालेल्या ग्रंथाचे दहांतील नऊ भाग सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या तोंडून आले, ही कबुली नऊशे वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याने दिली आहे. कारागिराचे ज्ञान ही विद्या आहे की नाही, ह्या प्रश्नावर ह्याहून मोठी साक्ष आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या अंगणात

आपल्याकडे अशी साधने नव्हती असे नव्हे. अकराव्या शतकातील धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ह्या ग्रंथात प्रासादांच्या नाना जाती व त्यांची मापे सांगितली आहेत. भोपाळनजीक भोजपूर येथील अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिराच्या आसपास खडकांवर मंदिराच्या अंगांची रेखाटने कोरलेली आजही दिसतात. कारागिराचा कागद तेथे दगडाचाच होता. ॲडम हार्डी यांनी त्या ग्रंथाचा आणि त्या रेखाटनांचा एकत्र अभ्यास करून 2015 साली ग्रंथ लिहिला.

त्या ग्रंथात वर्णिलेली भूमिज शैली आपल्या महाराष्ट्रात उभी आहे. शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही तिची ठळक उदाहरणे. भूमिज शिखराच्या चारही दिशांस मधून वर जाणारी एकेक लता असते, आणि दोन लतांमधील जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक, वर जाताना आक्रसत गेलेल्या असतात. मोठ्या शिखराचेच लहान रूप पुन्हा पुन्हा ठेवून मोठे शिखर रचावयाचे, हा नियम नव्हे तर काय? म्हणूनच भग्न शिखराच्या उरलेल्या अंशावरून हरवलेल्या भागाचे अनुमान करता येते. नियम ठाऊक असला तर पडलेले पुन्हा उभे करता येते. तो विसरला गेला तर उभे असलेलेही नुसते दगड होते.

वाड्याची गोष्टही तीच. आपल्या वाडवडिलांनी घर फुटांनी मोजले नाही, खणांनी मोजले. दोन खांबांमधील अंतर तो खण. चौक ठरला की त्याभोवती खणांच्या ओळी, पुढे ओसरी व सोपा, मागे माजघर, त्यापलीकडे दुसरा चौक; बाहेरचा चौक व्यवहाराचा, आतला घरच्या माणसांचा. उथळा, खांब, हस्त, तुळई, कडीपाट हा क्रम चुकावयाचा नाही. ह्या नियमांनी गरिबाचे दोन खणांचे घरही झाले आणि सरदाराचा अनेक चौकांचा वाडाही झाला. दोन्हींची भाषा एकच होती.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. हे सारे वाचून कोणी म्हणेल, की आमच्या पूर्वजांस संगणकशास्त्र अवगतच होते. असला अभिमान पोकळ आहे. नियमाने काम करणे निराळे, आणि नियम वेगळा काढून, त्याची परीक्षा करून, तो दुसऱ्यास देता येईल अशा रूपात मांडणे निराळे. पहिले श्रेय आपल्या पूर्वजांचे निःसंशय आहे. दुसरे श्रम ज्यांनी केले त्यांस त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे.

व्याकरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. व्याकरण शुद्ध वाक्य देते. ते वाक्य बोलण्याजोगे आहे की नाही हे सांगत नाही. पाल्लादिओच्या नियमांतून निघालेला प्रत्येक नकाशा सुंदर असतोच असे नाही. निवड माणसालाच करावी लागते. शिवाय नजर ही स्वतः एक विद्या आहे. दोन सारखे चौरस असे ठेवा, की एकाचा कोपरा दुसऱ्याच्या मध्यावर येईल. आपण दोनच चौरस काढले, परंतु जेथे ते एकमेकांवर येतात तेथे तिसरा, चौथाई क्षेत्राचा चौरस दिसू लागतो. तो कोणी काढला नाही. तो पाहणाऱ्यास सापडला. स्टायनी यांनी आपल्या पुढील लेखनात ह्या गोष्टीवर फार भर दिला आहे. अनुभवी मिस्त्री लाकडाकडे पाहून जे ओळखतो, ते ह्याच जातीचे पाहणे होय.

आपले कर्तव्य

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आमच्या पिढीतील पुष्कळांचा अनुभव असा, की लहानपणी एखाद्या जाणत्या कारागिरास ‘हे असेच का?’ म्हणून विचारले, तर ‘बघ आणि कर’ एवढेच उत्तर मिळे. त्या उत्तरात शहाणपण होते, कारण काही गोष्टी हातानेच कळतात. पण त्यात दुसराही एक भाग होता. घराण्याची खुबी बाहेर जाऊ नये, ह्या भीतीने पुष्कळ गोष्टी सांगितल्या गेल्या नाहीत. शेजारच्या कारखान्यास नाही, जावयास नाही, घरातील मुलीस तर नाहीच. मुले नोकरीस गेली, वाडे पडले, त्यांतील खांब मोडीच्या भावाने विकले गेले, आणि ती खुबी जपणाऱ्याबरोबरच गेली. जी विद्या चोरीस जाऊ नये म्हणून झाकली, ती कोणाच्याच उपयोगी पडली नाही.

कसब आपल्या रक्तात आहे, असे आपण समारंभांतून अभिमानाने म्हणतो. ह्या स्मरणिकेत हे लिहिणे काहींस रुचणार नाही. पण वर सांगितलेला सारा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. रक्तात असते तर ते एका पिढीत लोपले नसते, आणि गिरणीवाल्याचा मुलगा पाल्लादिओ झाला नसता. कसब नियमांत असते, आणि नियम शिकवावे लागतात. जो शिकेल त्याचे ते होते. ह्यात आपली मानहानी मुळीच नाही. उलट ज्याच्या कामातून शिकण्याजोगे नियम निघतात, त्यालाच गुरुस्थान मिळते.

म्हणून समाजबांधवांस आमची विनंती अशी. प्रत्येक गावात दोनचार तरी वृद्ध कारागीर अद्याप आहेत. त्यांच्याजवळ बसावे. एक जाळी, एक दार, एक हस्त, एक खणांचे घर, एवढाच विषय घ्यावा. आधी काय, मग काय, कोणते माप कशावरून घेतले, कोणती गोष्ट कधीही करावयाची नाही, हे चित्रांसह वहीत उतरवून घ्यावे. वहीवर सांगणाऱ्याचे नाव ठळक लिहावे. मुलींनीही हे काम करावे, आणि समाजाबाहेरचा कोणी जिज्ञासू आला तर त्यासही वही दाखवावी. आपल्या वसतिगृहांत व वाचनालयांत देणगीदारांच्या तसबिरी लागतात. त्यांच्या शेजारी अशा वह्यांचे एक कपाट असावे. पुढे एखादा विद्यार्थी त्यांतून महाराष्ट्राच्या वाड्याचे व्याकरण लिहील, आणि आपल्या 3,272 कलमांचा हिशेब तेव्हा त्याला देता येईल. हे काम करण्यास आज माणसे आहेत, पण ती वृद्ध आहेत. पुढील स्मरणिका निघेपर्यंत निदान एक वही पुरी व्हावी, अशी आमची सर्वांस प्रार्थना आहे.